प्रत्यय गेले, जागा उरली : इंग्रजी विशेषणाचा इतिहास

प्रस्तावना

समजा एका कारखान्याच्या देखभाल नोंदवहीत रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने इंग्रजीत तीनच शब्द लिहिले आहेत : 'फॉल्टी सेन्सर अलार्म'. सकाळी ती नोंद वाचून तुम्हाला काम सुरू करायचे आहे. बिघडले आहे काय? सेन्सर की अलार्म? सेन्सर बिघडल्याचा इशारा देणारा अलार्म वाजला, असाही अर्थ निघतो. सेन्सरला जोडलेला अलार्मच नादुरुस्त आहे, असाही निघतो. पहिल्या अर्थाने सेन्सर बदलावा लागेल, दुसऱ्या अर्थाने अलार्म.

आता हीच नोंद मराठीत करून पाहा. 'बिघडलेल्या सेन्सरचा अलार्म' आणि 'बिघडलेला सेन्सरचा अलार्म'. शब्द तेच, क्रमही तोच. फरक फक्त 'ल्या' आणि 'ला' यांचा. तरीही पहिल्यात सेन्सर बिघडला आहे आणि दुसऱ्यात अलार्म, हे मराठी वाचकाला लगेच कळते. विशेषणाच्या शेवटचा प्रत्यय बोट दाखवून सांगतो की, 'मी या नामाचा आहे.'

इंग्रजी विशेषणाला असे बोट नाही, पण ते एकेकाळी होते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषण लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलत असे, आपल्या मराठीहूनही अधिक. पुढे ते प्रत्यय झडले आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेवर येऊन पडले. आज आपल्याला जे नियम विनाकारण पाठ करावे लागतात असे वाटते, त्यांपैकी बरेचसे या एका घटनेतून निघाले आहेत. या पाठात आपण तो इतिहास पाहू. नियम कुठून आला हे कळले की तो लक्षात ठेवणे सोपे जाते आणि त्याची भीतीही कमी होते.

1. 'विशेषण' ही जात कशी ठरली

आज शाळेत आपण नाम आणि विशेषण या शब्दांच्या दोन वेगळ्या जाती म्हणून शिकतो. युरोपातील व्याकरणात मात्र बराच काळ त्या वेगळ्या नव्हत्या. इसवी सनापूर्वी सुमारे 100 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या परंपरेतील डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावावर असलेल्या ग्रंथात शब्दांच्या आठ जाती दिल्या आहेत. त्यांत नाम आहे, क्रियापद आहे, धातुसाधितही आहे. पण विशेषण ही वेगळी जात नाही. विशेषण म्हणजे नामाचाच एक प्रकार, असे तिथे मानले आहे. लॅटिन वैयाकरणांनीही हीच वाट धरली. चौथ्या शतकातील डोनाटस आणि इसवी सन 500 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे शिकवणारा प्रिसियन यांच्या ग्रंथांवर पुढची हजार वर्षे युरोपातील शाळा चालल्या.

असे का झाले असावे? लॅटिनमध्ये 'चांगला' या अर्थाचा शब्द पुल्लिंगी 'बोनुस', स्त्रीलिंगी 'बोना' आणि नपुंसकलिंगी 'बोनुम' असा बदलतो आणि पुढे नामासारखाच विभक्तीतही चालतो. नाम आणि विशेषण यांचे प्रत्यय एकसारखे असतील, तर दोघांना एकाच घरातले समजणे स्वाभाविक होते. मध्ययुगीन वैयाकरणांनी त्या घरात दोन खोल्या केल्या. स्वतःच्या पायावर उभे राहणारे ते 'सबस्टँटिव्ह' नाम आणि दुसऱ्याच्या आधाराने येणारे ते 'अ‍ॅडजेक्टिव्ह' नाम. 'अ‍ॅडजेक्टिव्ह' या शब्दाचा लॅटिन मूळ अर्थच 'जोडलेले, वर घातलेले' असा आहे.

आपल्या परंपरेतही चित्र फार वेगळे नाही. पाणिनीच्या व्याकरणात नाम आणि विशेषण दोन्ही सुबन्तच, म्हणजे एकाच प्रकारचे प्रत्यय घेणारे शब्द. विशेषण आणि विशेष्य हे भेद मात्र तिथे आहेत आणि अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायात समासाच्या संदर्भात ते येतात. तिथली एक गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. संस्कृत वाक्यात 'नीलम् उत्पलम्' म्हणा किंवा 'उत्पलम् नीलम्' म्हणा, अर्थ बदलत नाही, कारण दोघांचे प्रत्यय जुळलेले आहेत. त्याचाच समास केला की 'नीलोत्पलम्' होते. इथे 'नील' ने आपला प्रत्यय सोडला आणि त्याच क्षणी त्याची जागाही ठरून गेली. आता ते 'उत्पल' च्या आधीच यायला हवे. प्रत्यय आहे तोवर क्रमाला मोकळीक आणि प्रत्यय गेला की क्रम पक्का, हे सूत्र मनात ठेवा. समासात जे एका शब्दापुरते घडते, ते इंग्रजीत सगळ्या भाषेला घडले.

2. जुनी इंग्रजी : आपल्या ओळखीचे जग

पाचव्या शतकापासून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या जर्मनिक टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन वसल्या. त्यांच्या बोलींतून जी भाषा घडली तिला आपण जुनी इंग्रजी म्हणतो. ढोबळमानाने 450 ते 1100 हा तिचा काळ. तीत तीन लिंगे होती, चार मुख्य विभक्त्या होत्या आणि विशेषणाला नामाशी जुळवून घ्यावे लागे.

'चांगला' यासाठी जुना इंग्रजी शब्द होता 'गोड'. आजच्या 'गुड' चे हे जुने रूप आहे. आपल्या जिभेवरच्या 'गोड' शी त्याचे दिसणारे साम्य योगायोगाचे आहे. आता पुढील तीन जोड्या पाहा :

से गोडा क्यूनिंग : तो चांगला राजा
सेओ गोडे क्वेन : ती चांगली राणी
थॅट गोडे शिप : ते चांगले जहाज

मराठी वाचकाला इथे परके असे काय वाटेल? तो, ती, ते याप्रमाणे 'से', 'सेओ', 'थॅट'. राजा पुल्लिंगी, राणी स्त्रीलिंगी आणि जहाज चक्क नपुंसकलिंगी. विशेषणही त्यांच्या मागोमाग बदलते.

जुन्या इंग्रजीत विशेषणाचे दोन संच होते. 'तो', 'हा' किंवा 'माझा' असा निर्देश करणारा शब्द आधी आला, तर एक संच वापरायचा. असा शब्द नसेल तर दुसरा. म्हणून 'से गोडा क्यूनिंग', पण नुसते म्हणायचे तर 'गोड क्यूनिंग'. हाच राजा वाक्यात कर्म झाला तर 'गोडने क्यूनिंग' आणि राजाला काही द्यायचे असेल तर 'गोडुम क्यूनिंगे'. 'ने' हा प्रत्यय ऐकला की हे पुल्लिंगी एकवचनी कर्म आहे, हे ऐकणाऱ्याला विशेषणावरूनच कळे.

त्यामुळे क्रमाला मोकळीक होती. विशेषण बहुधा नामाआधीच येई, पण ते नामानंतरही येऊ शके. दोन विशेषणे असतील तर एक आधी आणि दुसरे 'आणि' जोडून नामानंतर ठेवण्याची पद्धतही रूढ होती. कोण कोणाचे हे प्रत्यय सांगत असल्यामुळे गोंधळ होत नसे.

या काळात इंग्लंडमध्ये व्याकरण लिहिले गेले ते इंग्रजीचे नव्हे, लॅटिनचे. एल्फ्रिक नावाच्या मठवासी शिक्षकाने इसवी सन 1000 च्या सुमारास मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी इंग्रजीतून व्याकरण लिहिले. परकी भाषा आपल्या भाषेतून समजून घेण्याची ही पद्धत, जी तुम्ही आत्ता हा पाठ वाचताना वापरत आहात, ती त्यांच्याकडेही होती.

3. प्रत्यय का झडले

पहिले कारण उच्चाराचे. जर्मनिक भाषांत आघात शब्दाच्या मूळ अक्षरावर, म्हणजे बहुधा सुरुवातीला पडतो. सुरुवात जोरात उच्चारली की शेवट पुसट होतो. 'गोडा', 'गोडे', 'गोडु' यांतील शेवटचे आ, ए, उ हे वेगवेगळे स्वर हळूहळू एकाच अस्पष्ट स्वरात मिसळले. शेवटचा 'म' आधी 'न' झाला आणि मग तो 'न' ही गळला. 'गोडुम' पासून 'गोडेन', मग 'गोडे' आणि शेवटी नुसते 'गोड' अशी ही उतरंड आहे. कोणी ठरवून प्रत्यय काढले नाहीत. ते ऐकू येईनासे झाले आणि जे ऐकू येत नाही ते पुढची पिढी शिकत नाही.

दुसरे कारण संपर्काचे. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन स्थायिक झाले. त्यांची नॉर्स भाषा आणि इंग्रजी या जवळच्या बहिणी. शब्दांची मुळे सारखी, प्रत्यय मात्र वेगळे. इंग्रज 'गोड' म्हणे, तर नॉर्स माणूस 'गोधर'. दोघांनी रोज बाजारात व्यवहार केला, शेजारी घरे बांधली, एकमेकांत लग्ने केली, तर मूळ शब्द पकडायचा आणि प्रत्यय सोडून द्यायचा अशी सवय लागणे साहजिक आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यय उत्तरेकडे आधी गेले आणि दक्षिणेकडे ते अधिक काळ टिकले, ही गोष्ट या मताला आधार देते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसर लिहीत होता तेव्हा एवढा मोठा पसारा आटून एका 'ए' वर आला होता. छोट्या विशेषणाला अनेकवचनात किंवा 'द' च्या नंतर शेवटी हलका 'ए' लागे. चॉसर 1400 मध्ये वारला. पुढच्या शंभर वर्षांत तो 'ए' ही उच्चारातून गेला. 1500 च्या सुमारास इंग्रजी विशेषण लिंग, वचन, विभक्ती या तिन्ही बाबतींत पूर्ण स्थिर झाले होते. म्हणूनच आज 'गुड किंग', 'गुड क्वीन', 'गुड शिप्स' या सगळ्यांत 'गुड' जसेच्या तसे राहते.

हे व्हायलाच हवे होते असे नाही. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत आजही विशेषणाला प्रत्यय लागतात आणि दोन संचांचा तो जुना भेदही टिकून आहे. आपल्या देशातही दोन्ही प्रकार नांदतात. मराठीत चांगला, चांगली, चांगले असे तीन. हिंदीत अच्छा, अच्छी. बंगालीत मात्र मुलगा असो वा मुलगी, 'भालो' च. तमिळमध्ये 'नल्ल' आणि तेलुगूत 'मंचि' बदलत नाही. मराठीतही 'सुंदर', 'लाल', 'कडू' ही विशेषणे स्थिरच आहेत. तेव्हा तमिळ किंवा बंगाली घरातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील न बदलणारे विशेषण ओळखीचे वाटेल आणि मराठी-हिंदी विद्यार्थ्याला जुनी इंग्रजी अधिक जवळची वाटेल.

4. जागेवर आलेली जबाबदारी

प्रत्यय गेल्यावर दोन कामे अडली. पहिले काम, विशेषण कोणत्या नामाचे हे सांगण्याचे. ते जागेकडे गेले. नामाच्या अगदी आधीची जागा विशेषणाची, हा जो पूर्वी केवळ नेहमीचा क्रम होता, तो आता जवळजवळ सक्तीचा झाला.

एकाच नामाला अनेक विशेषणे असतील तर त्यांच्यातही रांग ठरली. 'टू लार्ज राउंड ब्लॅक स्टील वॉटर टँक्स' हा शब्दसमूह घ्या. आधी संख्या, मग आकारमान, मग आकार, मग रंग, मग पदार्थ आणि नामाला चिकटून उपयोग. जे वस्तूच्या घडणीशी आणि कामाशी जास्त निगडित, ते नामाच्या जास्त जवळ. मराठीत आपण 'दोन मोठ्या गोल काळ्या पोलादी पाण्याच्या टाक्या' म्हणतो, म्हणजे सहज येणारा क्रम तोच आहे. पण जोर द्यायचा असेल तर 'काळ्या मोठ्या दोन टाक्या' असेही आपण बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत अशी उलटापालट कानाला लगेच खटकते.

दुसरे अडलेले काम अधिक मजेशीर आहे. दुकानात तुम्ही म्हणता, 'मला लाल पिशवी नको, निळी द्या.' 'निळी' एकटेच उभे राहते, कारण शेवटचा 'ई' सांगतो की इथे पिशवी अभिप्रेत आहे. जुन्या इंग्रजीत असे चालत असे; 'से गोडा' म्हटले की 'तो चांगला माणूस' असा अर्थ होई. प्रत्यय गेल्यावर विशेषण एकटे उभे राहीनासे झाले आणि त्याला टेकू म्हणून मध्ययुगीन इंग्रजीत 'वन' हा शब्द पुढे आला. 'गिव्ह मी द ब्लू वन' मधील 'वन' चा अर्थ 'एक' असा नाही. गेलेल्या प्रत्ययाच्या जागी उभा केलेला तो खांब आहे. म्हणूनच आपले विद्यार्थी 'गिव्ह मी द ब्लू' म्हणतात तेव्हा ते मराठी बरोबर बोलत असतात, फक्त इंग्रजीत.

जुन्या सवयीचा एक अवशेष उरला आहे. 'द पुअर', 'द रिच' अशी विशेषणे आजही एकटी येतात, पण त्यांचा अर्थ 'गरीब लोक', 'श्रीमंत लोक' असा समूहवाचकच होतो. एका गरीब माणसासाठी 'अ पुअर' चालत नाही.

5. फ्रेंचांनी मागे ठेवलेला क्रम

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालये व मोठी जमीनदारी फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेली. फ्रेंचमध्ये विशेषण बऱ्याचदा नामानंतर येते. 1362 च्या कायद्याने न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत करावा असे ठरले. गंमत म्हणजे तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. कायद्याच्या नोंदींतून फ्रेंच आणि लॅटिन पूर्णपणे हटायला 1733 साल उजाडले.

त्यामुळे कायदा आणि राज्यकारभार यांतील शब्दांत उलटा क्रम गोठून राहिला. 'कोर्ट मार्शल' म्हणजे लष्करी न्यायालय, 'नोटरी पब्लिक', 'एअर अपॅरंट'. यांत पहिला शब्द नाम आणि दुसरा विशेषण आहे. 'अ‍ॅटर्नी जनरल' मधील 'जनरल' चा लष्करातील जनरलशी संबंध नाही. 'सर्वसाधारण, सर्व बाबींसाठी नेमलेला' असे ते विशेषण आहे.

हे शब्द भारतात राज्यकारभाराबरोबर आले. 1773 च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने बंगालचा 'गव्हर्नर-जनरल' हे पद निर्माण केले आणि वॉरन हेस्टिंग्ज त्यावर आला. 1833 च्या चार्टर अ‍ॅक्टने ते पद भारताचे झाले. आज आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 76 मध्ये 'अ‍ॅटर्नी जनरल' आहेत आणि अनुच्छेद 165 मध्ये राज्याचे 'अ‍ॅडव्होकेट जनरल'. मराठीत आपण त्यांना महान्यायवादी आणि महाधिवक्ता म्हणतो, म्हणजे विशेषण पुन्हा आपल्या जागी, आधी आणून ठेवतो.

स्पर्धा परीक्षांत विचारला जाणारा अनेकवचनाचा प्रश्न इथेच सुटतो. अनेकवचन नामाचे होते, विशेषणाचे नाही. म्हणून औपचारिक लेखनात 'अ‍ॅटर्नीज जनरल', 'गव्हर्नर्स-जनरल'. 'मेजर जनरल' मध्ये मात्र 'जनरल' हेच आता मुख्य नाम मानले जाते, म्हणून 'मेजर जनरल्स'. नियम पाठ करण्याऐवजी 'यात नाम कोणते?' एवढे विचारले की पुरते.

6. अपवाद वाटणारे दोन नियम

पहिला. 'द चाइल्ड इज अस्लीप' बरोबर, पण 'अन अस्लीप चाइल्ड' चूक. तसेच 'अलाइव्ह' आणि 'अफ्लोट' चे. ही विशेषणे नामाआधी का येत नाहीत? कारण मुळात ती विशेषणे नव्हतीच. 'अस्लीप' हा जुन्या 'ऑन' अधिक 'स्लीप' चा, म्हणजे 'झोपेत' या शब्दयोगाचा आक्रसलेला अवशेष आहे. 'अलाइव्ह' म्हणजे 'ऑन लाइफ', जिवंतपणी. सुरुवातीचा 'अ' हा झिजलेला 'ऑन'. मराठीत 'बाळ झोपेत आहे' म्हणता येते, 'झोपेत बाळ' म्हणता येत नाही. 'झोपलेले बाळ' किंवा 'झोपेतले बाळ' म्हणावे लागते. इंग्रजीही तेच करते आणि 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणते.

दुसरा. 'अ टेन-फुट वॉल' मध्ये दहा असूनही 'फीट' का नाही? आणि 1951 पासून आपल्याकडे सुरू झालेल्या पंचवार्षिक योजनांना 'फाइव्ह-इयर प्लॅन' का म्हणायचे, 'फाइव्ह-इयर्स प्लॅन' का नाही? जुन्या इंग्रजीत अशा ठिकाणी षष्ठीचे अनेकवचन येई, 'दहा फुटांची भिंत' या अर्थाने. 'फुट' चे ते रूप होते 'फोटा'. शेवटचा 'आ' झडला आणि उरलेला शब्द एकवचनासारखा दिसू लागला. पुढे त्याच साच्यात इतर शब्द ओतले गेले. तुमच्या अभ्यासक्रमातील 'फोर-स्ट्रोक इंजिन', 'थ्री-फेज मोटर', 'टू-वे स्विच' ही त्याच साच्याची आजची अपत्ये आहेत. मराठीतही 'दहाफुटी', 'तीनमजली' म्हणताना अनेकवचनाची खूण आपण ठेवत नाही.

7. वाचलेला एक प्रत्यय आणि वैयाकरणांची उशिरा जाग

सगळेच प्रत्यय गेले असे नाही. तुलनेचे 'अर' आणि 'एस्ट' टिकले. त्यांच्या जोडीला तेराव्या शतकापासून 'मोअर' आणि 'मोस्ट' ही स्वतंत्र शब्दांची पद्धत वाढली. छोट्या शब्दांना प्रत्यय आणि लांब शब्दांना स्वतंत्र शब्द अशी वाटणी हळूहळू झाली. मधल्या काळात दोन्ही एकदम वापरणेही चालत असे. शेक्सपिअरच्या नाटकांतही अशी दुहेरी रूपे सापडतात.

ती चूक ठरली अठराव्या शतकात. विल्यम बुलोकरने 1586 मध्ये इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण काढले तेव्हाही लॅटिनच्या नमुन्याप्रमाणे विशेषण हे नामाच्याच वर्गात होते, जरी इंग्रजी विशेषणात नामासारखे काहीच उरले नव्हते. जोसेफ प्रीस्टली याने 1761 मध्ये आणि रॉबर्ट लाउथ याने 1762 मध्ये विशेषणाला स्पष्टपणे वेगळी जात दिली. प्रीस्टली म्हणजे ऑक्सिजनवरील प्रयोगांमुळे तुम्हाला रसायनशास्त्रात भेटलेला तोच. बोलणाऱ्यांनी 1500 च्या सुमारास जो बदल पुरा केला होता, त्याची व्याकरणाच्या पुस्तकांनी पक्की नोंद घ्यायला अडीचशे वर्षे गेली. लिंडले मरे याच्या 1795 च्या शालेय व्याकरणाने ही चौकट सर्वदूर नेली. मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्यासमोर होतीच. 'शब्दांच्या आठ जाती' हे जे आपण शाळेत शिकतो, त्यामागे असा लांबचा प्रवास आहे.

8. नामाने नामाला विशेष करणे : आपल्या कामाचा भाग

प्रत्यय गेल्याचा सर्वांत मोठा परिणाम तांत्रिक इंग्रजीत दिसतो. विशेषणाची ओळख केवळ जागेवरून होऊ लागल्यावर, त्या जागेवर नाम ठेवले तरी तेही विशेषणाचे काम करू लागले. 'स्टोन वॉल', 'वॉटर पंप', 'वॉटर पंप मोटर', 'वॉटर पंप मोटर कंट्रोल पॅनेल'. मराठीत प्रत्येक सांध्यावर 'चा, ची, चे' लागतो, इंग्रजीत काहीच लागत नाही. त्यामुळे इंग्रजी आटोपशीर होते, पण सांधा कुठे आहे हे वाचकाला शोधावे लागते.

'हेवी व्हेईकल ड्रायव्हर' मध्ये वाहन जड आहे की चालक? इथे व्यवहारज्ञानाने अर्थ लागतो. पण 'लाइट ब्लू वायर' म्हणजे फिकट निळी तार की वजनाने हलकी निळी तार? 'फॉल्टी सेन्सर अलार्म' चे तर आपण सुरुवातीलाच पाहिले. इथे व्यवहारज्ञान पुरत नाही, कारण दोन्ही अर्थ शक्य असतात.

बोलताना इंग्रज माणूस आघाताचा आधार घेतो. 'ब्लॅकबोर्ड' मध्ये जोर पहिल्या भागावर, तर 'ब्लॅक बोर्ड' म्हणजे कोणताही काळा फळा म्हणताना 'बोर्ड' वरही. म्हणून 'ग्रीन ब्लॅकबोर्ड' हा विरोधाभास नाही. लिहिताना आघात दिसत नाही. तिथे हाताशी तीन साधने उरतात.

पहिले, संयोगचिन्ह. 'लाइट-ब्लू वायर' लिहिले की 'लाइट' हा 'ब्लू' शी जोडला गेला. 'फॉल्टी-सेन्सर अलार्म' लिहिले की बिघाड सेन्सरचा. ही छोटी आडवी रेघ म्हणजे हरवलेल्या प्रत्ययाची जागा घेणारी खूण समजा.

दुसरे, साखळी तोडणे. चारपेक्षा जास्त शब्द एकापुढे एक आले तर 'ऑफ', 'फॉर', 'फ्रॉम' यांपैकी शब्द घालून ती मोकळी करा. 'अलार्म फ्रॉम अ फॉल्टी सेन्सर' लिहायला दोन शब्द जास्त लागतात, पण चुकीचा भाग उघडला जात नाही.

तिसरे साधन तुमच्याजवळ आहे आणि ते एकभाषिक इंग्रज वाचकाजवळ नाही. लिहिलेला इंग्रजी शब्दसमूह मनात मराठीत, हिंदीत किंवा आपल्या भाषेत करून पाहा. 'बिघडलेला' की 'बिघडलेल्या' असे ठरवण्याची वेळ आली आणि तुम्ही अडलात, तर समजा की इंग्रजी वाक्य संदिग्ध आहे. आपली भाषा तुम्हाला तो प्रश्न विचारायला भाग पाडते. मातृभाषा इंग्रजीच्या आड येते असे अनेकदा ऐकवले जाते. इथे तर ती इंग्रजी तपासण्याचे मोजमाप म्हणून उपयोगी पडते.

सारांश

जुन्या इंग्रजीत विशेषण प्रत्ययांनी नामाशी बांधलेले होते. आघाताच्या पद्धतीमुळे आणि भाषांच्या संपर्कामुळे ते प्रत्यय 1500 पर्यंत नाहीसे झाले आणि बांधणीचे काम जागेकडे गेले. ठरलेला क्रम, टेकू देणारा 'वन' आणि नामांच्या लांब साखळ्या हे त्याचे परिणाम. 'अ‍ॅटर्नी जनरल', 'अस्लीप', 'फाइव्ह-इयर' हे अपवाद नसून वेगवेगळ्या काळांचे अवशेष आहेत. म्हणून इंग्रजी नियम अडला तर 'हे तर्काला धरून का नाही?' असे विचारण्यापेक्षा 'हे कधीपासून असे आहे?' असे विचारून पाहा. उत्तर बहुधा तिथेच सापडते.

स्वाध्याय

1. 'स्मॉल कार फॅक्टरी' चे दोन अर्थ आपल्या भाषेत लिहा आणि प्रत्येक अर्थ इंग्रजीत निःसंदिग्ध करून दाखवा.
2. 'बिघडलेल्या सेन्सरच्या अलार्मकडे पाहा' या मराठी वाक्यात संदिग्धता परत येते. का? सामान्यरूपात 'बिघडलेला' चे काय झाले ते सांगा आणि जुन्या इंग्रजीत जे घडले त्याच्याशी तुलना करा.
3. तुमच्या शाखेच्या पाठ्यपुस्तकातून चार किंवा अधिक शब्दांच्या पाच साखळ्या शोधा. प्रत्येकीत मुख्य नाम कोणते ते अधोरेखित करा.
4. तुमची मातृभाषा मराठी नसेल, तर तिच्यात विशेषण बदलते का ते तपासा. बदलत नसेल, तर दोन विशेषणे आणि दोन नामे एकत्र आल्यावर कोण कोणाचे हे ती कसे दाखवते?